कुठले बारा

जांबोटी क्रॉसला झेरॉक्सच्या मागं माझी खुर्ची.
पडद्यावर फॉर्म, फॉर्मात एक पांढरी चौकट:
दिवस, महिना, वर्ष,
आणि तिला चिकटून तास, मिनिट, एएम-पीएम.
कडेला नखाएवढं कॅलेंडर.
त्यावर टिचकी मारली की महिना उलगडतो
आणि आठवडा सुरू होतो भानुवारपासून.
मी तोंडातल्या तोंडात रविवार म्हणते
आणि पुढं जाते.

चौकटीत हातानं काही लिहू देत नाहीत.
लोक तर तारीख घेऊन येतच नाहीत,
येतात ‘भात मळणीला होतं तेव्हा’,
‘पूल खचला त्या साली’, ‘दिवेलागणीला’.
मी सगळं ऐकून घेते, मग बाणावर टिचक्या मारत मागं जाते,
एका टिचकीला एक महिना.
एकदा अशीच एकेचाळीस सालापर्यंत गेले,
बोट बधिर झालं.
नंतर कळलं, वर्षाच्या आकड्यावर दाबलं
की वर्षांची यादीच पडते खाली.
शिकवलं कुणी नव्हतं.

लुमाण्णा गावडे आला, पारवाडचा.
जुळ्या मुली. अँब्युलन्समध्ये झालेल्या,
कणकुंबी सोडल्यावर,
जिथं फोनला कुठल्याच राज्याची रेंज नसते.
कागद नव्हता. सिस्टर रोजालिननं तळहातावर लिहिलं
आणि लुमाण्णानं त्या तळहाताचा फोटो काढून आणलेला:
अकरा बावन्न. बारा सात.
सातावर घाम पसरलेला.

थोरली घातली. एक जून, अकरा बावन्न, पीएम.
धाकटी घातली. एक जून, बारा सात, पीएम.
चौकटीनं मुकाट्यानं घेतलं.
लाल रेघ नाही, काही नाही.
मग माझ्याच लक्षात आलं,
धाकटी थोरलीच्या आधी बारा तास जन्मली, भर दुपारी.
एएम केलं, तर आणखी बारा तास मागं.

‘लुमाण्णा, कुठले बारा?’
‘आमचेच की, मॅडम.’

तारीख सरकवायला हवी होती. दोन जून.
बोट तिथंच थांबलं.
एक जूनला सहा पुरी झाली तरच पहिलीत नाव.
त्याला म्हटलं, पंधरा मिनिटांनी
एकीचं शाळेचं वर्ष मागं पडतंय.

तो हसला आधी. मग गप्प.
म्हणाला, थोरली आली आणि गाडी थांबली.
हेडलाइटमध्ये गवा उभा, आडवा, रस्ताभर.
ड्रायव्हरनं हॉर्न मारला नाही, कुणी बोललं नाही,
नुसतं त्याच्या नाकातनं वाफ निघताना बघत बसलो.
तो गेला आणि धाकटी रडली.
‘तेवढ्यात दिवस बदलला म्हणता?
आम्हाला तर गवाच दिसला.’

अकरा सत्तावन्न करता आलं असतं.
घसरलेला सात कोण बघायला येणार होतं?
मी स्वतः कागदावर एक जूनची,
मास्तरांनी घातलेली. आमच्या वर्गात एकोणीस जण
एक जूनला जन्मलेले, कुणाचा केक नाही.
तेव्हा कुठं होती चौकट!
आईनं खरी तारीख सांगितली होती म्हणे,
खरं ती मास्तरांच्या पानावर बसली नाही.

लुमाण्णानं बायकोला फोन लावला, स्पीकरवर.
मागं दोघी रडत होत्या, कोण कुठली कळत नव्हतं.
द्रौपदानं सगळं ऐकलं, विचारलं,
‘गव्याचं लिवायला जागा हाय का त्यात?’
नाही म्हटलं.
‘मग जी जवा आली तवाच घाला.
आणि शाळेला दोघी संगंच जातील.
थोरली पंधरा मिनटं थांबली न्हाई,
आता थांबंल की वरीसभर.’

मी दोन जून निवडला.
बारा. सात. एएम.
पडद्यावर चक्र फिरत राहिलं बराच वेळ,
लुमाण्णा खिशातनं सुटे काढत उभा,
आणि फोन चालूच,
त्यातनं एकटी कुणीतरी रडत होती.